मामाच्या पाकिटातली अक्षत

माझं लग्न ठरायला आमच्या घरात पंधरा मिनिटं लागली. मुलगा डोंबिवलीचा, नोकरीवाला, हसरा, पोहे दोनदा मागून खाल्ले, झालं. पण पत्रिकेच्या पाकिटात काय काय घालायचं, यावर जी भांडणं झाली ना, बाप रे! कोपरीतल्या आमच्या हॉलमध्ये चारशे पाकिटं पसरलेली आणि त्यांच्या मधोमध आई, बाबा, दादा आणि मी, चौघं चार तोंडांनी बोलत बसलेलो.

दादाचं म्हणणं, हॉलचा नकाशा हवाच, नाहीतर अर्धे पाहुणे खोपटच्या एसटी डेपोत उतरून तिथेच उभे राहतील. बाबांना ‘कृपया आहेर आणू नये’ अशी चिठ्ठी हवी होती, कारण पत्रिकेत ती ओळ छापायला ते स्वतःच विसरलेले आणि खापर प्रेसवाल्यावर फोडत होते. मला हळदीला सगळ्यांनी पिवळं घालून यावं म्हणून एक पिवळी चिठ्ठी हवी होती. मुलाकडच्यांनी तर अक्षतेसाठी सोनेरी जाळीच्या इवल्या पोटल्या केलेल्या, नाडी ओढली की बंद. त्या बघून माझा जीव नुसता जळत होता.

आई शांतपणे म्हणाली, “अक्षत घाला. बाकी सगळा कचरा आहे.”

अक्षत म्हणजे कुंकू लावलेले अख्खे तांदूळ. ते चिमूटभर पत्रिकेसोबत दिले की बोलावणं खरं, असा आईचा कायदा. “अक्षतेशिवाय पत्रिका म्हणजे काय? पेपरातून नव्या टॉवरचा कागद पडतो ना, तो.” आणि अक्षतेत एकही दाणा तुटका चालत नाही, म्हणून तीन दिवस ती ताट मांडीवर घेऊन, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, तांदूळ निवडत बसलेली. टीव्ही चालू, नजर ताटात. मध्येच एखादा तुटका दाणा सापडला की “हा बघ, लबाड!” म्हणायची.

तिला ही अक्षत कागदाच्या पुड्यांत बांधायची होती. तिच्या वडिलांचं कल्याणला किराणा दुकान होतं. शाळेतून आल्यावर ती आणि तिचा मोठा भाऊ, म्हणजे माझा मामा, जिऱ्याच्या, हिंगाच्या, चहाच्या पुड्या बांधत बसायचे. दोघांनी स्वतःची एक घडी काढलेली. शेवटचं टोक उलटं आत खोचायचं, मग दोरा लागत नाही आणि पुडी आपटली तरी सुटत नाही. मला ती घडी आजवर जमलेली नाही, दादाला तर नाहीच. पण दादाने आधीच ऑनलाइन प्लॅस्टिकच्या चिमुकल्या पिशव्या मागवून ठेवलेल्या, दाबल्या की बंद होणाऱ्या. “आई, चारशे पुड्या कोण बांधणार?” आई म्हणाली, “प्लॅस्टिकात अक्षत? गुदमरेल ती.” पण हरली बिचारी.

आता मामाचं सांगते, कारण खरा घोळ तिथे आहे.

सात वर्षांपूर्वी मामाच्या मुलाचं लग्न होतं. मामा आंबिवलीला राहतो. त्याच्याकडची पत्रिका आमच्याकडे आली ती कुरियरने. आईने दारात सही केली, पाकीट उघडलं, पत्रिका बाहेर काढून झटकली. काही पडलं नाही. मग पाकीट उलटं करून झटकलं. तरी काही नाही. आत येऊन ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, “सख्ख्या बहिणीला कुरियर. वर अक्षत नाही.” संपलं. आई लग्नाला गेली नाही, आम्हालाही जाऊ दिलं नाही. मग मामा रुसला. दोघं एकाच हट्टाची. कोण आधी फोन करणार, यात सात वर्षं गेली. मामा जिवंत आहे, धडधाकट आहे, आंबिवलीत आहे, आणि आमची आई दर भाऊबीजेला गॅलरीत उभी राहून भाऊ नसल्यासारखी चंद्राला ओवाळते. एका वर्षी ढग होते तर ढगांना ओवाळलंन. मी मागून बघत होते. मला हसू पण येत होतं आणि रडू पण.

तर आता प्रश्न असा की मला बोहल्यावर कोण नेणार? नवरीला हाताला धरून मामा आणतो आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. मी लहान असताना माझा मामा मला खांद्यावर बसवून अख्खं कल्याण स्टेशन फिरवायचा आणि म्हणायचा, “तुझ्या लग्नात पण अस्संच उचलून आणणार.” मला तोच हवा होता. दुसरा कोणी नको होता. मी आईला सरळ सांगितलं.

आई म्हणाली, “दुसऱ्या मजल्यावरचे काका उभे राहतील. मी बोललेय.”

नुसती बोलली नव्हती. काकांनी फेटा पण आणून ठेवलेला. जिन्यात भेटले की मला विचारायचे, “गुलाबी चालेल ना गं?” चांगला माणूस, पण मला रडूच यायचं.

शेवटी बाबांनी तोंड उघडलं. निदान पत्रिका तरी जाऊ दे म्हणाले. आई म्हणाली, “जाऊ दे की. कुरियरने. आणि अक्षत घालायची नाही. त्याने घातलेली?” अहो, कोपरीहून आंबिवली! सकाळी निघालं तर चहाला पोचतो माणूस. तिथे कुरियर! पण तिने पाकिटावर स्वतःच्या हाताने पत्ता लिहिला, पत्रिका आत सरकवली आणि पाकीट शोकेसवर घड्याळाखाली ठेवलं. “मी चिकटवेन शेवटी. कोणी हात लावायचा नाही.”

कोणी हात लावायचा नाही म्हटल्यावर मी लावला. दुसऱ्याच दिवशी आई भाजी आणायला गेली तशी मी एक अक्षतेची पिशवी उचलली आणि पाकिटात अगदी तळाला ढकलली. सारखी दाराकडे बघत होते, जणू शेजाऱ्याचा फोन चोरतेय. मग चार दिवस मी त्या शोकेसकडे बघितलंसुद्धा नाही. शनिवारी आईने पाकीट चिकटवलं आणि बाबा ते कुरियरला देऊन आले. आल्यावर बाबा थेट पेपरात तोंड खुपसून बसले. ते का, ते नंतर कळलं. काउंटरवरच्या माणसाने पाकीट कानाशी हलवून विचारलेलं, “काका, पत्रिका खुळखुळते का?” आणि बाबांनी म्हणे सांगितलं, “आमच्याकडची खुळखुळते.”

पुढच्या रविवारी सकाळी दहाच्या सुमारास बेल वाजली. मी दार उघडलं तर मामा!

केस सगळे पांढरे, हातात पाकीट. मीटर बघायला आल्यासारखा दारातच उभा राहून म्हणाला, “आई आहे?” मी नुसती मान हलवली आणि बाजूला झाले. आत स्वयंपाकघरात आई भाजी परतत होती. तो कालथ्याचा आवाज बंद झाला.

मामा बसला नाही. टीपॉयजवळ गेला आणि पाकीट उलटं केलं. पत्रिका पडली. मग एक पिशवी पडली. मग दुसरी. मग तिसरी. मग एक सोनेरी पोटली. आणि शेवटी एक कागदाची पुडी.

“पत्रिका पाठवलीत की रेशन?” मामा म्हणाला. “तुमची मामी विचारतेय, भात लावू का याचा!”

मी म्हटलं, “मामा, एक माझी.”

बाबा पेपरमागून म्हणाले, “एक... माझी असेल.”

दादा आंघोळीहून टॉवेल डोक्याला गुंडाळून आलेला. त्याने टीपॉयकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि ओरडला, “च्यायला, तुम्ही पण?”

आता पोटली. ती तर उघड उघड मुलाकडची! मी तिथल्या तिथे डोंबिवलीला फोन लावला, स्पीकरवर. “तू आमच्या मामाच्या पाकिटात काही घातलंस का रे?” पलीकडून हळूच आवाज आला, “अगं, तू त्या दिवशी फोनवर एवढी रडलीस. नंतर मी तुमच्याकडे आलेलो ना, तेव्हा तू चहा करत होतीस... रागावलीस का?” मामा फोनमध्ये तोंड घालून म्हणाला, “जावईबापू, मुलगा पसंत आहे!” दादाला हसून हसून ठसका लागला. मी तर हसतेय की रडतेय, माझं मलाच कळत नव्हतं.

राहिली पुडी. मामाने ती उचलली. उघडली नाही, फक्त बोटाने ते आत खोचलेलं टोक चाचपलं. नंतर स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून जरा मोठ्याने म्हणाला, “ही घडी दोनच माणसांना येते. त्यातली एक मी. आणि मी काही घातलेली नाही.”

आतून आई म्हणाली, “थांबा हं, दूध उतू जातंय!”

दादा आत डोकावला आणि बाहेर येऊन म्हणाला, “दूध फ्रीजमध्ये आहे.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पाकीट चिकटवलं कोणी? आईने. म्हणजे चिकटवताना तिने आतलं सगळं बघितलेलं. माझी पिशवी, बाबांची, दादाची, पोटली, सगळं. काही काढलं नाही, कोणाला काही बोलली नाही. वर स्वतःची पुडी घातली आणि गोंद लावला. आणि आठवडाभर आमच्यासमोर तोंड फुगवून फिरली! एवढा राग आला मला तिचा, आणि एवढं प्रेम आलं, की विचारू नका.

आई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. डोळे लाल. फोडणीमुळे म्हणाली. तांब्या ठेवला आणि मामाला न बघता विचारलं, “तू अक्षत का नव्हतीस घातली?”

मामा खाली बसला. “अगं, अक्षत बाहेरच्यांना देतात. घरच्याला काय द्यायची? मला वाटलेलं, तू चार दिवस आधीच येशील आणि तूच ताट घेऊन निवडत बसशील. कुरियरचं तर मला माहीतच नव्हतं. पोराने यादी दिली, कुरियरवाल्यांनी सगळ्यांनाच टाकल्या. लग्नाच्या दिवशी मी हॉलच्या दारात उभा होतो. भटजी हाका मारत होते, मुहूर्त निघाला म्हणून, आणि मी म्हणत होतो थांबा, माझी बहीण यायचीय.”

बाबांनी पेपर घडी करून ठेवला.

मामाने पुडीचं टोक सोडलं, कागद उलगडला. एकूण एक दाणा अख्खा होता. त्याने चिमूट घेतली, आईचा हात ओढून तळव्यावर ठेवली आणि अगदी रीतसर, जसं लोक दारात येऊन बोलतात तसं, म्हणाला, “मुलाचं लग्न आहे. सहकुटुंब सहपरिवार यायचं.”

आई तळव्याकडे बघत राहिली. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मग नाक ओढून म्हणाली, “कधी आहे?”

“झालं. सात वर्षांपूर्वी.”

“आणि आत्ता सांगतोयस? तयारीला वेळ नको का माणसाला?”

आणि ती खरंच गेली! माझं लग्न तोंडावर, घरात कामांचा डोंगर, आणि पुढच्या रविवारी आमची आई पैठणी नेसून, नथ घालून, आम्हा सगळ्यांना घेऊन आंबिवलीला मामाच्या मुलाच्या लग्नाला. मामीने जिलेबी, मठ्ठा, मसालेभात, सगळं केलेलं. नवरदेव बर्मुडात, नवरी ओट्याशी. आईने दोघांना शेजारी शेजारी उभं केलं आणि मामाने दिलेली, जपून ठेवलेली ती अक्षत त्यांच्या डोक्यावर टाकली. त्यांची पाच वर्षांची पोरगी विचारत होती, “लग्न कोणाचं आहे?” आई म्हणाली, “तुझ्या बाबांचं.” पोरगी खूश होऊन नाचायला लागली.

माझ्या लग्नात दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी गुलाबी फेटा बांधून अंतरपाट धरला. मला न्यायला मामा खोलीच्या दारात आला, हात धरला, दोन पावलं चालला आणि कानात म्हणाला, “उचलू?”

“मामा, वेड लागलंय का? पाठ धरेल तुझी.”

“धरू दे.”

आणि त्याने उचललं मला! शालू, मुंडावळ्या, माझं वजन, सगळ्यासकट. लोक शिट्ट्या मारायला लागले. मी किंचाळत होते. आमच्याकडे नवरीच्या आईने हे सगळं बघायचं नसतं, तिने पाठ करून तुळशीला पाणी घालत उभं राहायचं असतं. आईला हॉलच्या कोपऱ्यात तुळशीच्या कुंडीसमोर उभं केलेलं. तिथूनच तिचा आवाज आला, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा.

“पाडशील रे तिला! डावीकडे पायरी आहे!”