आबाजीचा साल्व्हिया

आबाजीनं सारी उमर जपलेला फुलांचा वाफा मी एका सकाळी उपटून टाकला होता.

आज आबाजी गेले. माझे आजोबा.

मी बंगलोरला टाइल्सच्या साइटवर. भाऊ फोनवर म्हणाला, "तू येईपर्यंत ठेवता येत नाई, दुपारीच नदीवर नेतो."

म्हणून इथं लिहून राह्यलो.

चंद्रपूरला चांदा म्हणायचे तेव्हाची गोष्ट. आबाजी विशीतले, जंगलातल्या सरकारी बंगल्यावर माळी. साहेबाच्या बाईनं कुठून तरी साल्व्हिया आणला होता. निळे निळे तुरे.

साहेबाची बदली झाली. नव्या साहेबाला तिथं भेंडी पाहिजे होती.

आबाजीनं उपटलेले ठोंब ओल्या पोत्यात बांधले आणि पायी घरी आणले.

लावले कुठं? अंगणात दिवसभर ऊन पडते, त्या एकाच पट्टीत.

आजी म्हणायची, "धान वाळवाची जागा गेली. आता फुलं शिजवून घालू का लेकरायले?"

"सावलीत लावलं त नुसता पाला येते. धान कुठीबी वाळते."

तुरे सुकले की छाटायचे, नवे यायचे. दोन-तीन वर्षांनी ठोंब खोदून फोडायचे, मधलं वाळलेलं फेकून कडेचं परत लावायचे. खत-पाणी बेतानंच. "लाड केले का लोळते हा," म्हणायचे. माझ्याकडं पाहून.

तीन वर्षांपूर्वी काम सोडून मी मे महिन्यात घरी आलो. आबाजी डोळ्याच्या ऑपरेशनला गडचिरोलीला गेले होते.

वाफ्यात नुसत्या काड्या. मला वाटलं, मेला. सगळा उपटला, कडेला ढीग केला, जागा झाडून साफ केली. आजी खूश होईल म्हणून.

आजीनं कपाळावर हात मारला. "अरे बापू, उन्हाळ्यात तो असाच दिसते."

दुपारी आबाजी आले, डोळ्यावर काळा चष्मा. हातानं माती चाचपली.

"कोणं उपटला?"

"मी."

ढिगाजवळ बसले. एकेक ठोंब नखानं खरडून माझ्यासमोर धरायचे.

"पाह्य गा, हिरवं हाये का?"

"नाई."

"हे?"

"नाई."

असं किती वेळ. शेवटी सात निघाले.

"लाव मंग. खोल नोको लावू."

लावले. दोन दिवसांनी बॅग भरून पुन्हा साइटवर निघालो. मग फोनच केला नाही. जगले का, हे विचारायची हिंमत नव्हती.

श्रावणात त्यांचाच फोन आला.

"तीन जगले. तुले घरात कोणी बोललं का? फोन काऊन नाई करत?"

साइटवर बादली पालथी करून बसलो आणि लेकरासारखा रडलो.

त्यानंतर दर रविवारी फोन. आधी तुऱ्यांची खबर, मग माझी.

आबाजी, तेरवीला येतो. तिकडं ऊन तापलं असेल, वाफ्यात पुन्हा काड्याच असतील.

हात लावणार नाही. बेतानं पाणी घालीन.

रामराम आबाजी.