माता आत, नवरा छपरीत

मोहाडीला सून म्हणून आले तेव्हा माझं इंग्रजी उत्तम होतं आणि त्याचा कुणालाच उपयोग नव्हता. लग्नाला काही वर्षं होऊनही मूल झालं नाही, तेव्हा झाला. नागपूरची डॉक्टरीण इंग्रजीत बोले. सोबत आलेल्या सासूबाईंना त्यातलं काही कळत नसे आणि घरी काही सांगायची वेळ माझ्यावर येत नसे. लाजऱ्या माणसाची याहून चांगली सोय कोण करणार?

बीज सुटावं म्हणून ती एक इंजेक्शन देई. त्यानंतर दोन दिवस नवरा-बायकोनं एकत्र राहायचं, एवढंच पथ्य; तेही सासूबाईंना मी सांगितलं नव्हतं. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, "धान कापणीपर्यंत पाहू. मंग नागपूर बंद."

पहिल्या इंजेक्शनच्या दुसऱ्या सकाळी माझ्या पोटावर, दंडांवर लाल पुरळ उठलं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि हात जोडले. "माता आली वं पोरी."

अंगावर पुरळ म्हणजे देवीच घरी आलेली, आणि तिच्या पाहुणचारात घर तरबेज होतं. दाराला कडुनिंबाचा डहाळा, फोडणी बंद, औषध बंद. आणि माता घरात असेतो नवऱ्यानं बायकोच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. माझा पदवीधर नवरा उशी घेऊन बाहेरच्या छपरीत गेला. इतक्या चपळाईनं तो एसटीही पकडत नसे. मी भिंतीकडे तोंड करून बीज वाया जाताना पडून राहिले.

डॉक्टरणीनं सांगितलं की शरीरात रोगांशी लढणारी फौज असते, तिनं इंजेक्शनमधल्या हार्मोनलाच शत्रू मानलं. गंमत म्हणजे गर्भ राहिल्यावर हाच हार्मोन त्या फौजेची समजूत घालतो, असं म्हणतात: पोटातला जीव परका नाही, राहू द्या त्याला. थोडक्यात, समजूत काढायला आलेल्याला दारातच झोडपलं. आमच्या घरच्या बैठकी अशाच होत, त्यामुळे मला पटकन कळलं. औषध गरोदर बायकांच्या लघवीतून काढतात, त्यातलंच काही बाधलं असेल, असंही ती म्हणाली. ते मी घरी सांगितलं नाही. देवघराजवळ माझं फिरकणं बंद झालं असतं.

पुढच्या वेळी तिनं आधी ॲलर्जीची गोळी दिली. पुरळ कमी आलं, पण आलं. शेतात धान कापणीला येऊन पिवळं पडलं होतं. सासूबाई डहाळा तोडायला निघाल्या, नवरा उशी शोधू लागला.

"आत्याबाई, माता नाही ही. सुईचं आहे," मी सासूबाईंना म्हटलं.

"तुले काय समजते? मागल्या बारीले बी आली होती."

"मागच्या वेळीही सुईच घेतली होती."

त्या थांबल्या. "असन. दोन दिसानं जाते आपोआप."

"दोनच दिवस आहेत आमच्याकडे. ह्यांना आत झोपू द्या."

नवरा कौलं निरखू लागला. कुंपणापलीकडे शेजारच्या काकूंचा खराटा थांबला. सासूबाईंनी मला खालून वर न्याहाळलं.

"इंग्रजी शाळेत हेच शिकवते का वं?" मग मुलाकडे वळल्या. "उभा कायले हायेस रे? बायको बोलावून राहिली. जाय आत."

त्या महिन्यात काही राहिलं नाही. कापणी उरकली, तरी नागपूर बंद झालं नाही. सासूबाई म्हणाल्या, "आता गावभर बेइज्जती झालीच हाये, तं पोरगं तरी झालं पाहिजे."