मी बोट ठेवलं ती ओळ

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि ती तर माझ्या चालण्यावरून माझं बिनसलेलं ओळखायची. तुम्हाला सांगतो आहे ते का? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

मी अकोल्यात एका वकिलांकडे छत्तीस वर्षं कारकून होतो. नोटिसा टाइप करणं हे काम. वकीलसाहेब तोंडी चार वाक्यं सांगायचे, बाकीचं मला पाठ होतं. शेवटची ओळ तर झोपेतही टाइप केली असती — ‘आमच्या अशिलाचे सर्व दिवाणी व फौजदारी हक्क राखून’. विहिरीच्या पाण्याचं भांडण असो, की मंडपवाल्यानं फाटके पडदे आणल्याचं — ही ओळ असायचीच. तिचा अर्थ एवढाच, की पुढचं दार आम्ही बंद केलेलं नाही. त्या दारातून बहुतेक वेळा कोणी जातही नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं. एवढं लक्षात ठेवा.

निवृत्तीनंतर अमरावतीला आलो, राजापेठेत. घराच्या दर्शनी बाजूला शटरची एक खोली होती, ती शीतलला भाड्यानं दिली. शीतल बाळापूरकडची, वडील वांगी-मेथी पिकवून विकणारे. पोरीनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला. टीव्हीला जोडून गेम खेळायची जी यंत्रं असतात, कन्सोल म्हणतात त्यांना, ती शीतल दुरुस्त करायची. ओळखीतली म्हणून मी भाडेकरार केला नाही. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते, तीही दिली नाही. इंटरनेट माझ्याच नावाचं वापर म्हणालो. तेव्हा तो मोठेपणा वाटला होता.

ही यंत्रं मधूनमधून कंपनीकडून नवी दुरुस्ती मागवून घेतात, अपडेट म्हणतात ते. पण जुन्या यंत्राचं वायफाय गेलं, किंवा अपडेट अर्धवट राहिलं, की पडदा काळा. कंपनी म्हणते नवं घ्या. शीतलनं घरच्या घरी एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. ते कंपनीकडून तेच अपडेट संगणकावर उतरवायचं. मग ती ते मेमरी कार्डानं यंत्रात घालायची. मेलेलं यंत्र जिवंत व्हायचं. सॉफ्टवेअर तिनं इंटरनेटवर सगळ्यांसाठी फुकट ठेवलं होतं. कुठल्या कुठल्या देशांतून लोक तिचे आभार मानायचे, आणि ती ते मला वाचून दाखवायची.

“काका, कंपनी हे फुकटच देते. मी फक्त दुसऱ्या रस्त्यानं आणून राहिली,” ती म्हणायची.

“अन् त्या रस्त्यावर नाका असला तर?” मी गमतीनं म्हणायचो.

“तर तुमी आहा ना. इतकी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, त्या काय उगाच?”

सहा वर्षांपूर्वी, उन्हाळ्यात, भर दुपारी कुरिअर आलं. कंपनीच्या दिल्लीतल्या वकिलांचं पत्र. शीतल ते घेऊन वर आली तेव्हा तिच्या बोटांना सोल्डरिंगचा वास होता, आणि चेहरा उतरलेला. इंग्रजी तिला येत होतं. पण कायद्याचं इंग्रजी वेगळं.

मी चष्मा लावून वाचलं. दोनदा. दीड पानाचं पत्र, आणि मागणी एकच. तिच्या सॉफ्टवेअरमध्ये एक लहानशी फाइल होती — यंत्रातून काढलेली, कंपनीच्या दाराची किल्लीच म्हणा. ती आमच्या मालकीची आहे, ती वाटू नका, पंधरा दिवसांत काढून टाका. अपडेट उतरवण्याबद्दल, दुरुस्तीबद्दल, दुकानाबद्दल एक अक्षर नव्हतं. ती किल्ली ज्याला त्याला आपापल्या यंत्रातून काढून वापरता आली असती, आणि तिचं सॉफ्टवेअर त्या फाइलीशिवाय तसंच ठेवता आलं असतं. ते तिनंच मला सुचवलं, दोन मिनिटांत.

पण मी वरचा पत्ता पाहत होतो. माझ्या घराचा. आणि मला एकदम दिसलं — पोलीस येतील, भाडेकरार विचारतील, भाडेकरूची नोंद विचारतील, इंटरनेट कोणाच्या नावावर म्हणतील. ज्या कागदांनी मी छत्तीस वर्षं दुसऱ्यांना घाबरवलं, तसा एक माझ्या घरात आला होता. त्या क्षणी मला एकच हवं होतं — ही पोरगी माझ्या घरातून जावी. कुठंही, पण जावी.

मी पत्राच्या शेवटच्या, त्याच ‘हक्क राखून’ वाल्या ओळीवर बोट ठेवलं.

“हे वाच. फौजदारी. म्हणजे केस तयार आहे, फक्त दाखल करणं बाकी.”

“पण काका, त्यायनं एकच फाइल काढ म्हटलं ना?”

“ते वरवरचं असतं.”

“मले जेलात टाकतीन काय?”

मी ‘नाही’ म्हणालो नाही. ‘माहीत नाही’ही म्हणालो नाही — खरं तर या कायद्यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी मान हलवली. हो, अशी. बायको चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, “तुमी पोरीले काहून भेववून राहिले?” मी तिला आत जायला सांगितलं.

शीतलनं माझ्यासमोर बसून सॉफ्टवेअर पुसलं. नुसती फाइल नाही. सगळं, दोन वर्षांचं काम. लोकांनी विचारलं, काय झालं? तिनं उत्तर दिलं नाही. देऊ नकोस असं मीच सांगितलं होतं. पंधरा दिवस पुरे व्हायच्या आत शटर खाली आलं आणि ती बाळापूरला परतली. पत्र ती माझ्याकडे देऊन गेली — “घरी ठेवायचं भेव वाटते काका.” पुढच्या महिन्यात खोलीत शिकवणीचा वर्ग आला. या वेळी मी करार नोंदवला आणि ठाण्यात माहितीही दिली.

वर्षभरानं मी अकोल्याला जाऊन जुन्या ओळखीच्या एका वकिलाला विचारलं, दुसऱ्या कोणाची गोष्ट म्हणून. तो म्हणाला, असं सॉफ्टवेअर कायद्यात बसतं की नाही यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. पण त्या पत्रापुरतं म्हणाल तर फाइल काढली की विषय संपला. मी मान हलवली. पुन्हा तीच मान. तिथून बाळापूर किती लांब होतं? तासाभराचीही वाट नाही. मी अमरावतीची बस धरली.

शीतल आता बाळापुरात एका जिनिंगच्या काट्यावर संगणक चालवते. कापसाच्या गाड्यांची वजनं टाकते. दर संक्रांतीला न चुकता येते, घरची भरताची वांगी आणते, पाया पडते. “तुमी होते म्हणून वाचली मी,” म्हणते. आणि मी काय केलं? ती वांगी भाजून खाल्ली. सहा संक्रांती.

या संक्रांतीला ती जास्त वेळ बसली. मधल्या काळात तिचं लग्न झालं. नवऱ्याला दुबईत काम लागलं आहे, तो तिला तिकडे बोलावतो. ती दोन वर्षं टाळते आहे. का, ते त्याला सांगत नाही. खालच्या आवाजात मला म्हणाली, “पासपोर्ट काढाले गेली की पोलीस चौकशी होते ना काका. मंग ते सारं निघन. तुमालेच माहीत आहे.”

मलाच माहीत होतं. तेव्हाही मी तिळगुळाची वाटी पुढे केली. मला भीती वाटली. पोलिसांची नाही आता — तिच्या डोळ्यांची. अजून वाटते. ते पत्र मी कपाटातून काढतो आणि परत ठेवतो, असे तीन आठवडे गेले.

आज सकाळी तिला फोन केला. माझा फोन तिला कधी जात नाही. मी नाव सांगायच्या आत ती म्हणाली, “काका? पत्र आलं काय परत?”

मी म्हणालो, नाही. पत्र एकच होतं. रविवारी ये, तुला ते वाचून दाखवायचं आहे.

ती म्हणाली, “मी एकटीच येऊ, का वकील सोबत आणू?”

एकटी ये, म्हणालो. पत्र टेबलावर ठेवलं आहे, उघडं. या वेळी पहिल्या ओळीपासून वाचणार आहे.