बाईंचं न छापलेलं वाक्य

खरं सांगा, तुमच्या दारामागच्या खुंटीला किती कापडी पिशव्या नुसत्या लटकत आहेत? सभेत मिळालेल्या, लग्नात मिळालेल्या, दुकानदाराने हौसेने दिलेल्या? आमच्या बाईंनी हा प्रश्न नाशकातल्या प्रत्येक ओळखीच्या माणसाला विचारला, आणि त्यापायी बरीच माणसं गमावली.

बाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. त्यांच्या पर्समध्ये कंगवा नसेल, पण रद्दीवाल्याकडे असतो तसला छोटा ताणकाटा हमखास असायचा. वस्तू हाती आली की आकड्याला अडकवायच्या आणि विचारायच्या, “ही आली कुठून, आणि जाणार कुठे?” कुणी कागदी कपातून चहा दिला, तर चहा संपल्यावर आतला प्लास्टिकचा पापुद्रा नखाने सोलून यजमानापुढे ठेवायच्या. पुढच्या वेळी यजमान निमूट कपबशी काढायचा. तिचा कान तुटलेला असला की बाई खूश.

एकदा ओझरच्या एका विद्यार्थिनीचे वडील द्राक्षांची पेटी घेऊन आले. बाईंनी आवडीने द्राक्षं खाल्ली, मग आतला कागद, फोम, प्लास्टिक वेगवेगळं काढून वजन करायला बसल्या. “द्राक्षं गोड आहेत दादा. आता या पसाऱ्याचं सांगा. याला कुठे पुरायचं?”

“बाई, तुमी द्राक्षं खा ना. खोक्याचं सुतक कशाला धरता?”

बाई पोट धरून हसल्या. पण पेटी रिकामी करून त्यांच्याच हाती परत दिली. “वस्तू दुकानात जन्मत नाही आणि कचराकुंडीत मरत नाही,” हे त्यांचं नेहमीचं. जन्म खाणीत किंवा शेतात, मरण नदीत किंवा धुरात. मधला सगळा प्रवास मोजल्याशिवाय एखाद्या वस्तूला चांगलं म्हणायचं नाही.

मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरात पर्यावरण संघटनेच्या बैठका व्हायच्या, बाईही त्यांना यायच्या, आणि माझे वडील, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, पत्रकं लिहायचे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही प्लास्टिकविरोधी मोहीम काढली. बाजारात फुकट वाटायला कापडी पिशव्या शिवून घेतल्या. पत्रक तयार झालं, तेव्हा बाई म्हणाल्या, “कापसाने पाणी प्यायलंय, फवारणी प्यायलीय. वर सूत, रंग, शिलाई. ही पिशवी वर्षानुवर्षं वापरली तरच प्लास्टिकपेक्षा बरी. नुसती टांगून ठेवली तर वाईट. पत्रकात माझं एक वाक्य टाका: घरात एक पिशवी असेल, तर ही घेऊ नका.”

अण्णा म्हणाले, “बाई, पत्रकात ‘पण’ चालत नाही. लोक तेवढंच वाचतात आणि पुन्हा प्लास्टिककडे जातात.”

“मग पत्रकात खरं चालत नाही, असं म्हणा ना अण्णा.”

वाक्य पत्रकात आलं नाही. तरी बाई रविवार कारंजाच्या चौकात आमच्यासोबत उभ्या राहिल्या. हातात पिशव्या, आणि समोर येईल त्याला, “घरी आहे का एखादी? मग नको.” संध्याकाळी आमचे गठ्ठे संपलेले, बाईंचा जवळजवळ तसाच. कुणीतरी बोलून गेलं, “प्लास्टिकवाल्यांनी बाईंना विकत घेतलं की काय?” अण्णांनी ऐकलं आणि उरलेली पत्रकं आवरायला घेतली. बाईंनी आपली जुनी पिशवी खांद्याला लावली. त्यांच्या आईच्या लुगड्याची, मूळ कापडापेक्षा ठिगळंच जास्त असलेली. “येते मी,” म्हणाल्या. बैठकीचा निरोप त्यांना पुन्हा कुणी धाडला नाही.

मी मात्र त्यांच्या घरी जात राहिले. शेवटच्या आजारपणात हॉस्पिटलमध्येही गेले. टेबलावर सुया, नळ्या, सलाइनच्या बाटल्या. मी उगाच म्हटलं, “बाई, काटा आणू का?” त्यांनी मान हलवली. “हे नाही मोजायचं गं. माणूस वाचवायला लागतं ते लागतंच. उधळपट्टी मोजायची.” मग थोडा दम खाऊन म्हणाल्या, “तू लिहितेस आता. माझं वाक्य छापशील?”

छापेन म्हटलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत बाई गेल्या.

शोकसभा संघटनेनेच घेतली. अण्णा बोलायला उभे राहिले आणि रडू लागले. ते रडणं खरं होतं, यात मला शंका नाही. आणि सभा संपल्यावर, डोळे पुसत पुसत, त्यांनी दारात गठ्ठा सोडला. कोऱ्या कापडी पिशव्या. त्यांवर हिरव्या शाईत बाईंचा हसरा फोटो आणि खाली ‘स्मृतीस अभिवादन’.

“अजून एक मिळेल का? सुनेला पण होईल,” माझ्यामागे एक काकू म्हणत होत्या.

मी अण्णांचा हात धरला. “त्यांचं वाक्य कुठे आहे, अण्णा?”

“आज नको गं,” ते म्हणाले. “आज तरी नको.”

बाईंवर याहून मोठा अन्याय प्लास्टिकच्या एकाही कारखानदाराने केला नसेल. आणि केला तो आम्ही, त्यांच्यावर जीव असलेल्या माणसांनी.

बाई, तुमचं वाक्य वर छापलं आहे. उशीर झाला.

आणि तुम्ही, त्या दिवशी सभेला आलेले सगळे. ती पिशवी तुम्ही घडी घालून कपाटात ठेवली असणार, बाईंचा फोटो मळू नये म्हणून. ती आज बाहेर काढा. मातीने माखलेले बटाटे भरा, ओली मेथी भरा. धुवा, वाळत घाला, पुन्हा बाजारात न्या. फाटली तर ठिगळ लावा. बाईंचा चेहरा धुऊन पार निघून जाईपर्यंत ती वापरा.