छेवांगचा नारळ

सौदीतल्या दम्मामच्या विमानतळावर माझी बॅग उघडायला लावली ती कुळथाच्या पिठीने. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने पुडी नाकाशी नेली, शिंकला, आणि मी दारूगोळाच आणल्यासारखा माझ्याकडे बघायला लागला. मी आपली कढत पिठी भुरकायची नक्कल करून दाखवली, अगदी आवाजासकट. तो हसला. म्हणाला, "यल्ला, यल्ला" (चला, निघा). मंदाने, माझ्या लेकीने, फोनवर बजावलं होतं, "आई, पिठी नको हां." पण लेकीकडे रिकाम्या हाताने जायचं कसं, सांगा.

बाहेर जावई विलासराव उभे होते. ते जुबैलला एका कारखान्यात पाइपांच्या कामावर फोरमन, मंदा तिथल्याच दवाखान्यात नर्स. रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसती वाळू, मग विजेचे खांब, मग परत वाळू. चिपळूणच्या माणसाला एवढी कोरडी जमीन बघून घशाला कोरड पडते हो! जुबैल जवळ आलं तशा आभाळात ज्वाळा दिसायला लागल्या. उंच उंच चिमण्या आणि त्यांच्या टोकाला आग.

"आई, तो असल्याच चिमणीवर चढतो," विलासराव म्हणाले. मग माझा चेहरा बघून घाईने, "बंद असते तेव्हाच."

 लेकीकडे आले होते हे खरंच, पण त्याहून जास्त आले होते त्याला भेटायला.

तो म्हणजे छेवांग शेर्पा. नेपाळात त्याला शाळेतली पोरंही ओळखत. सगरमाथ्यावर (आपण एव्हरेस्ट म्हणतो त्यावर) तो इतक्यांदा जाऊन आला होता, की पेपरवाले त्याला नुसतं "कितव्यांदा?" एवढंच विचारायचे. मोसम सुरू झाला की सगळ्यांच्या आधी वर जाऊन दोर बांधायचा, आणि त्या दोराला धरून मग बाकीचे चढायचे. आमच्या गावच्या गिर्यारोहण मंडळाने मोहिमेआधी त्याला बोलावून शाल-श्रीफळ दिलं, तेव्हा ओवाळलं होतं मीच. नारळ हातात धरून तो मोहिमेला निघालेल्या माझ्या धाकट्या लेकाला हळूच म्हणाला, "भाई, इसका क्या करना है?" समोर माइक होता, सगळा हॉल हसला. धाकटा म्हणाला, "ठेव. शिखरावरून उतरलो की दोघं मिळून फोडू."

त्या मोहिमेतून धाकटा परत आला नाही. देहसुद्धा आला नाही. नदीवर दर्भाचा पुतळा करून सगळं उरकलं. मंडळाच्या पोरांनी मान खाली घालून एवढंच सांगितलं, "काकू, वादळात तो मागे राहिला." मागे राहिला! त्या दोन शब्दांनी माझी झोप खाल्ली. मागे म्हणजे कुठे? कोणाजवळ? छेवांगने त्यानंतर डोंगरच सोडला, आणि त्याचा पत्ता कुणाला लागेना. मग एकदा कारखाना दुरुस्तीसाठी बंद असताना विलासरावांना चिमणीवर दोराला लटकून काम करणारा माणूस दिसला. चेहरा ओळखीचा वाटला. खाली उतरल्यावर त्यांनी त्याला आमच्या गावाचं नाव सांगितलं, तर तो तिथेच खाली बसला म्हणे.

शुक्रवारी सगळ्यांना सुट्टी. सकाळी मासळीबाजारात गेले. कनद (आपली सुरमई) मांडली होती. बांगलादेशी विक्रेता म्हणाला, "अम्मा, अभी समुंदर से आया." मी म्हटलं, "इसकी आँख देख. तेरे से जास्ती सोया है!" त्याने मुकाट्याने खालची ताजी काढून दिली. छेवांगसाठी केलेले मोदक मात्र फसले. बर्फातल्या खोबऱ्याला पाणी सुटलं आणि पाऱ्या फुटल्या. तसेच डब्यात भरले.

दुपार कलल्यावर समुद्रकाठच्या बागेत चटई टाकून बसलो. तिथल्या समुद्राला गाज नाही, ताटातल्या पाण्यासारखा स्थिर. छेवांग आला. केस पांढरे झालेले, डाव्या हाताची दोन बोटं बर्फाने खाल्लेली. वाकून पाया पडला. "आमा" म्हणाला. त्यांच्यात आईला तसंच म्हणतात.

मोदक खाता खाता बोलायला लागला. बटाट्याच्या शेतातला बाप, पाठीवरचं पहिलं ओझं, तंबूतल्या स्वयंपाकघरात बर्फ वितळवणं, मग दोराचं काम. बोलताना मधेच अडखळायचा. "तब मेरे साथ एक आदमी था..." आणि गप्प. "उसका भाई भी था..." आणि परत गप्प. माझ्या धाकट्याचंही तसंच. "वो भाई", "वो भाई". शेवटी माझ्याने राहवेना. मी धाकट्याचं नाव मोठ्याने घेतलं आणि म्हटलं, "विसरलास का रे? नाव घे ना त्याचं!"

तो दचकून उठला आणि पाण्याकडे चालता झाला.

"बघा, आई," विलासराव चिडले. "मनात काहीतरी आहे याच्या."

मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू? हातातला मोदक डब्यात परत ठेवला.

तो परत आला तेव्हा डोळे लाल होते. "आमा, माफ करना. हमारे में गए हुए का नाम नहीं लेते. नाम सुनके वो मुड़ के देखता है, उसका रास्ता रह जाता है." मग कोरड्या आवाजात म्हणाला, "मेरी कहानी में इतने लोग गए हैं. पूरी कहानी किसी को कैसे बोलूँ?"

आमच्यात श्राद्धाला नाव घेतल्याशिवाय घास पोचत नाही. यांच्यात नावाने वाट अडते. मी मात्र रोज संध्याकाळी दिवा लावला की धाकट्याला नावाने हाक मारत आले होते.

"मला एवढंच सांग," मी म्हटलं. "तो एकटा होता का?"

"नहीं, आमा. पैर नहीं चल रहे थे उसके. मैं बैठा रहा. हाथ पकड़ा था." त्याने आपला तुटक्या बोटांचा हात पुढे केला. "आखिर में बोला, ठंड नहीं लगती. फिर बोला, नारियल तू अकेला मत खाना." हसायला गेला, आणि ते हसू काही नीट आलं नाही. "गाँव में घर पे भगवान के सामने रखा है. तोड़ा नहीं. किसके साथ तोड़ूँ?"

मी तो हात कितीतरी वेळ धरून ठेवला. मग म्हटलं, "बायकोला सांग, फोड. सगळ्यांना वाट."

"अंदर सूख गया होगा, आमा."

"सुकला की त्याचा गोटा होतो रे. आम्ही वाटणाला तोच घेतो."

मी चिपळूणला परतल्यावर विलासरावांनी फोटो पाठवला. छेवांगच्या गावचं अंगण, समोर बर्फाचा डोंगर, आणि थाळीत नारळाची दोन भकलं. खोबरं पिवळं पडलेलं, पण होतं.

त्या संध्याकाळी दिवा लावला. हाक ओठांपर्यंत आली. मी हात जोडून नुसती उभी राहिले. वाचणाऱ्यांना वाटेल, म्हातारीने एवढं सगळं लिहिलं आणि लेकाचं नाव तेवढं कुठे लिहिलं नाही. चालू दे त्याला. खूप दिवस मागे वळून बघत उभा होता.