लेकीची दुलई आणि माझी दुपारची झोप

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. बायकोसमोर तर कापसाचा विषय निघाला की मी चप्पल घालून बाहेर पडतो.

लेकीला लग्नात द्यायच्या दुलईसाठी बायकोनं आपल्या आईच्या गादीतला कापूस काढला. परंड्यातले पिंजारी चाचा म्हणाले, "जुना हाय, धुऊन वाळवून आणा, मग पिंजून भरतो." बायकोनं तो लुगड्यात बांधून, न पिळता, पाण्यातून काढला, गच्चीवर पसरला, वर दुसरं लुगडं झाकलं आणि लग्नाच्या खरेदीला धाराशिवला निघाली.

"चिमण्या हाकला, अन् मधनंमधनं कापूस उलटापालटा करा. तेवढं तरी जमंल न्हवं?"

चिमण्या हाकलल्या. मग जेवलो. थंडीतलं कोवळं ऊन आणि समोर वरनं सुकलेला एवढा मऊ बिछाना. जरा टेकलो, ते दिवस कलल्यावरच उठलो. भोवतीचा कापूस कडकडीत वाळला होता. माझ्याखालचा तेवढा, बरोबर माझ्या आकाराचा, दमट. पोट टेकलं होतं तिथं जास्तच.

बायको यायच्या आत दमट कापूस मधे, कोरडा बाहेर, असं गाठोडं बांधून चाचांकडं नेलं. त्यांनी आत हात घातला.

"गुरुजी, थंड लागतंय."

"सावलीत होतं गाठोडं. वाळलाय."

"तुमी म्हणताय म्हंजे वाळलाच," म्हणत त्यांनी तो मशीनकडं सरकवला.

लग्न झालं. लेकीच्या सासूनं दुलई उघडली, तर कुबट वास; तिनं फोनवर एवढंच विचारलं, "विहीणबाई, आत काय घातलंय?"

बायकोनं ती परत आणवली, माझ्या डोक्यावर दिली आणि भर बाजारात चाचांचं दुकान गाठलं.

"चाचा, कापूस भरलाय का शेवाळ?"

"वहिनी, माझी मशीन पाणी घालती व्हय?"

"मग काय आमच्या ह्यांनी घातलं?"

सगळे हसले. चाचा हसले नाहीत. ते माझ्याकडं बघत थांबले. मी डोक्यावरची दुलई सावरत राहिलो.

"ऱ्हाऊ द्या वहिनी," ते शेवटी म्हणाले, "नवा कापूस घालून देतो."

बायकोनं गल्लीभर सांगितलं. लोक दुलया भरायला बार्शीला जाऊ लागले. चाचांची मशीन भर सीझनमध्ये बंद दिसायची. मी खरं सांगायला जायचो आणि धीर सुटला की उशी भरायला सांगून यायचो. घरात माणसांपेक्षा उशा जास्त झाल्या.

"पुन्हा त्याच्याकडनंच?" बायको नाक मुरडायची. "वास येतोय बघा."

वास कधीच येत नव्हता.

शेवटी गेलो तेव्हा चाचा दुकानात खाटेवर पडून होते. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मी तोंड उघडलं.

"उशीच ना, गुरुजी?"

"व्हय," मी म्हणालो.

ती उशी त्यांच्या हातून भरून झाली नाही; त्याआधीच चाचा वारले. मला म्हणायचं होतं ते एवढंच: चाचा, कापूस ओला होता, मला ठाऊक होतं, माफ करा.