सोपाऱ्याच्या स्तूपावरून मायला उठवलं तेव्हा

माझ्या मायच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा तिने डॉक्टरांसमोरच अट घातली. "मले आधी सोपारा पाहू द्या. मंग काय कापाचं ते कापा." डॉक्टरांना वाटलं, सोपारा हे कुणा नातेवाइकाचं नाव असेल.

सोपारा म्हणजे आजचं नालासोपारा. दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर. आम्हा बौद्धांना ते तिथल्या स्तूपामुळे ठाऊक. माझे बाबा रेल्वेत गँगमन होते. दरवर्षी डिसेंबरात दादरला जायचे आणि परतल्यावर मायला म्हणायचे, "पुढच्या खेपेले तुले सोपारा दाखवतो." ती खेप काही आली नाही. मागच्या वर्षी ते गेले. मग मीच नांदुऱ्यातलं माझं औषधांचं दुकान दोन दिवस बंद ठेवलं, माय वरवट बकालहून बसने आली आणि आम्ही कल्याणची गाडी धरली. जायचं असेल तर स्लीपरचं तिकीट महिनाभर आधी काढा आणि म्हातारं माणूस सोबत असेल तर खालचाच बर्थ मागा. डब्यात मायने भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधली होती, त्यामुळे खाण्याचा प्रश्न नव्हता.

सकाळी कल्याणला उतरून दिवसभरासाठी टॅक्सी केली. खर्च जास्त, पण तिचे गुडघे लोकलच्या स्टेशनांचे जिने चढण्यातले राहिले नाहीत. घोडबंदर रस्त्यावर गाड्या मुंगीच्या चालीने सरकत होत्या. नालासोपाऱ्यात पोचल्यावर ड्रायव्हरला स्तूप माहीत नव्हता, रस्त्यावरच्या दोघा-तिघांनाही नाही. शेवटी एक मासळीवाली म्हणाली, "बुरूड राजाचा कोट विचारा ना!" तुम्हीही तेच विचारा. स्तूप म्हटलं तर माणसं तोंडाकडे बघतात.

"समुद्र कुठी हाय व?" मायने खिडकीतून विचारलं.

समुद्र नव्हताच. खाडी कधीचीच गाळाने बुजली. जिथे जहाजं नांगर टाकत असतील, तिथे आता इमारतींना इमारती चिकटल्या आहेत आणि मधून काळं पाणी वाहतं. मौर्यांच्या काळातला शिलालेख या गावात सापडला. अशा गावात पाटी शोधत फिरावं लागतं, याचा मला तिथेच राग यायला लागला होता. अजून बरंच पुढे होतं.

स्तूप म्हणजे आज विटांचा एक मोठा उंचवटा. आम्ही गेलो तेव्हा प्यायला पाणी नव्हतं, सावली बेताची. दोन्हीची सोय करून जा. मायने पायरीशी चपला काढल्या. मी हात धरून तिला आत नेलं. विटांवर मेण सांडू नये म्हणून तिने घरूनच स्टीलचं ताट आणलं होतं. त्यात मेणबत्त्या लावल्या, पांढरी फुलं ठेवली आणि ती डोळे मिटून त्रिशरण म्हणू लागली. तिचा आवाज बाबांच्या अंत्यविधीनंतर इतका स्थिर मी पहिल्यांदाच ऐकला.

तेवढ्यात पंचवीस-तीस जणांचा घोळका आला. वारसा-फेरी होती. पुढे माईक लावलेला तरुण. तो ग्रीकांबद्दल बोलला, रोमनांबद्दल बोलला, हस्तिदंत आणि तलम कापडाबद्दल बोलला. कापड विणलं कुणी, बैलांवर लादून घाट कुणी उतरवला, याबद्दल अवाक्षर नाही. मग तो आमच्याजवळ आला.

"आजी, पाच मिनिटं बाजूला व्हाल का? ग्रुप फोटो घ्यायचाय."

माय म्हणतच राहिली. त्याने खाली वाकून तिच्या दंडाला हात लावला. "आजी, प्लीज. आणि हे प्रोटेक्टेड मॉन्युमेंट आहे, इथे पूजा नको."

"हात काढा," मी म्हणाले.

"तुम्ही कुठून आलात?"

"बुलढाणा जिल्ह्यातून."

"बापरे! तिकडे समुद्र नाही, नि बंदर बघायला इतक्या लांब?"

घोळक्यात हसू फुटलं. माझी कानशिलं तापली. आमच्या जिल्ह्याच्या शिवेला लागून भोकरदन आहे, त्या काळची मोठी बाजारपेठ. तिथल्या लोकांनी दिलेल्या दानाची नोंद सांचीच्या दगडांवर कोरलेली आहे. बंदरात जाणारा माल काय लाटांवर पिकत होता? हे सगळं मला बोलायचं होतं.

आणि तेवढ्यात ते सगळे बुटांसकट विटांवर चढले. फोटोसाठी.

माय माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली. आयुष्यभर अंगणवाडीत पोरं सांभाळलेली बाई, तिचा चढलेला आवाज मी क्वचितच ऐकलाय.

"ओ भाऊ! हे जपून ठेवाचं ठिकाण हाय म्हणता ना?"

"हो आजी."

"मंग बूट घालून चढून काऊन राह्यले? मी ताट खाली ठेवलं तं तुमचं बिघडलं, अन् तुम्ही डोक्यावर पाय देता! उतरा खाली!"

एक वयस्क बाई मुकाट उतरल्या आणि मायला "सॉरी" म्हणाल्या. बाकीच्यांनी फोटो काढलाच, मगच उतरले. तरुण माईकमध्ये "चला, पुढचा पॉइंट" म्हणाला.

माय पुन्हा खाली बसली. गुडघा वाकेना, तरी बसली, आणि मध्येच तुटलेलं वंदन पहिल्यापासून म्हटलं. परतीच्या वाटेवर टॅक्सीत मी धुमसत होते. ती म्हणाली, "तुया बाबाले सांगतो, पाह्यलं म्हणून." आणि झोपली.

ऑपरेशन चांगलं झालं. ती घरात वॉकर धरून चालते आहे. राग मात्र माझ्याकडे राहिला. गेल्या आठवड्यात त्या वारसा-फेरीवाल्यांचं पान मोबाइलवर दिसलं. त्यावर आमच्या ताटाचा फोटो होता: मेणबत्त्या, पांढरी फुलं, मागे विटा. माय फोटोतून कापलेली. खाली लिहिलं होतं, "सोपाऱ्याची शांत सकाळ."

मी तो मायला दाखवला. तिने चष्मा लावून नीट पाहिला. "ताट आपलं हाय. लिहून टाक खाली."

मी लिहिलं, मेणबत्त्या कुणी लावल्या, कुठून येऊन लावल्या. तासाभरात ते पुसलं गेलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. तिसऱ्यांदा लिहायला गेले, तर त्यांनी मला ब्लॉक केलं होतं.

म्हणून इथे लिहिते. त्या मेणबत्त्या वरवट बकालच्या पंचफुलाबाईंनी लावल्या होत्या. त्या लावून वंदन म्हणत असताना त्यांना उठवण्यात आलं होतं.